मेल मर्जचा जॉब अडखळत निघतोय? बॅकग्राउंड आधीच रिप करून ठेवा

प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, सभासदांच्या नोटिसा, सोसायटीची बिलं. ज्या जॉबमध्ये मागचं चित्र सगळ्या पानांवर तेच असतं आणि नाव-आकडे तेवढे यादीतून बदलत जातात (हेच मेल मर्ज), त्यांच्यासाठी हे लिहिलंय. आधी लक्षणं जुळतात का बघा:

- नुसती काळी अक्षरं असलेली पानं सरासर निघतात. बॉर्डर, लोगो, वॉटरमार्क असलेला जॉब टाकला की मशीन दोन-चार पानं सोडतं, थांबतं, परत दोन सोडतं.
- पॅनेलवर सारखं 'प्रोसेसिंग'. एरर नाही, कागद अडकलेला नाही.
- दहा पानांचा नमुना ठीक निघतो. हजाराचा जॉब टाकला की कॉम्प्युटर मंदावतो आणि सी ड्राइव्ह भरल्याची सूचना येते.
- पहिल्या पानाला जेवढा वेळ लागतो तेवढाच पन्नासाव्यालाही लागतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं पान उशिरा येऊन पुढची भराभर येत असतील, तर दुखणं वेगळं आहे आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. पण दर पानाला सारखाच वेळ लागतोय याचा अर्थ कुणीतरी तेच काम पुन्हा पुन्हा करतंय.

मी प्रेसच्या आणि झेरॉक्स सेंटरच्या मशीनवर अडकलेले असेच जॉब सोडवून देतो. पतसंस्था आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे ऑगस्ट संपता संपता फोन सुरू होतात. शाळा-कॉलेजांचा हंगाम वेगळा, दुखणं तेच.

नेमकं काय होतं

मशीनला पीडीएफ कळत नाही, ठिपके कळतात. फाइलचे ठिपके करून देणारा तो रिप, आणि ते ठिपके करणं म्हणजे रिप करणं. मोठ्या डिजिटल मशीनला त्यासाठी वेगळा कंट्रोलर असतो, ऑफिसच्या प्रिंटरमध्ये तो आतच बसवलेला असतो. ए-फोर पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे ४९६० गुणिले ७०१६, साधारण साडेतीन कोटी ठिपके. चार रंगांचे मिळून कच्चा हिशेब १४० एमबीच्या घरात जातो. मिनिटाला ६० पानं छापणाऱ्या मशीनला दर सेकंदाला एक पान तयार मिळायला हवं. रिपला एका पानाला चार सेकंद लागली की ६० चं मशीन १५ वर येतं. वेळेत पान आलं नाही तर इंजिन थांबतं आणि परत फिरायला लागताना आणखी वेळ खातं, त्यामुळे हातात १५ सुद्धा पडत नाहीत.

आता १२०० प्रमाणपत्रांचा जॉब घ्या. तीच बॉर्डर, तोच लोगो, लोगोखालची तीच सावली १२०० वेळा मोजली जाते. पंगतीत दर पानामागे नवी कणीक मळावी तसा हा प्रकार. न बदलणारा भाग, म्हणजे ओव्हरले, एकदाच तयार करून ठेवायचा आणि दर पानाला फक्त नाव चढवायचं, एवढंच आपल्याला साधायचं आहे. ते कुठे आणि कसं साधायचं हे तुमच्या मशीनवर ठरतं. 'रॅम वाढवा' आणि 'नवीन मशीन घ्या' हे सल्ले फुकट मिळतात. ते ऐकण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली तपासणी: दोष कागदाचा की फाइलचा?

खर्च शून्य. ज्या कार्डावर प्रमाणपत्रं काढायची आहेत त्याच कार्डावर, त्याच ट्रेमधून, नुसत्या काळ्या अक्षरांची वीस-पंचवीस पानं काढा आणि मोबाइलवर वेळ लावा. तीही हळू निघाली तर रिपचा काही दोष नाही. जाड कार्डावर टोनर नीट भाजला जावा म्हणून मशीन मुद्दाम वेग कमी करतं. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डावर हे चालायचंच, ओव्हरलेने त्यात फरक पडणार नाही.

मात्र ट्रेचं सेटिंग तपासा. मागच्या जॉबचं 'हेवी' तसंच राहिलंय आणि आत साधा ८० जीएसएम कागद आहे, हे दर हंगामात दिसतं. उलटं मात्र करू नका. जाड कार्ड घालून वेगासाठी 'प्लेन' ठेवलं तर टोनर नखाने खरवडला तरी निघतो आणि गठ्ठा परत येतो.

दुसरी तपासणी: प्रिंटची खिडकी

पीडीएफ उघडून थेट प्रिंट देत असाल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर टिक आहे का बघा. कधीतरी एखाद्या जॉबमध्ये मराठी अक्षरं फुटली म्हणून कुणी ती लावलेली असते आणि मग काढायची राहते. ती लावल्यावर अख्खं पान, नावासकट, एक मोठं चित्र होऊन जातं आणि काय बदलतं, काय नाही हे मशीनला कळायचा मार्गच उरत नाही. खाली केलेली सगळी मेहनत ही एक टिक वाया घालवते.

त्याच खिडकीत स्केल 'अ‍ॅक्च्युअल साइज' ठेवा. 'फिट' असेल तर वेगात फार फरक पडणार नाही, पण पुढे ओव्हरले वेगळा केल्यावर नाव रेषेवर बसणार नाही. आताच सवय लावलेली बरी.

तिसरी तपासणी: एक पान, दहा पानं

माझा निम्मा निदानाचा वेळ या एका परीक्षेमुळे वाचतो. त्याच जॉबमधून एका पानाची पीडीएफ काढा आणि दहा पानांची काढा. दोन्हींची साइज बघा.

एक पान ५ एमबी आणि दहा पानं ५० एमबी? मग बॅकग्राउंड फाइलमध्येच दर पानाला नव्याने भरलेलं आहे. १२०० पानांची फाइल ६ जीबी होईल. १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवर सेकंदाला फार तर १२ एमबी जातात, म्हणजे नुसती ने-आणच आठ मिनिटांच्या वर, रिपचं काम वेगळं.

एक पान ५ एमबी आणि दहा पानं सव्वापाच? फाइल शहाणी आहे. पीडीएफमध्ये एखादं चित्र किंवा अख्खी पानाची मांडणी एकदा ठेवून हव्या तितक्या पानांवरून तिच्याकडे बोट दाखवता येतं, आणि इथे तसं झालेलं आहे. तरीही मशीन अडखळत असेल तर गडबड फाइलच्या पुढे आहे. बहुतेकदा ती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटरला काम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. आपण रीडरमधून प्रिंट दिलं की ड्रायव्हर दर पान उलगडून, बॅकग्राउंडसकट पुन्हा लिहून पाठवू शकतो. कंट्रोलरमध्ये पीडीएफ थेट टाकायची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे फाइल आहे तशी आत जाते.

पहिल्या प्रकारची फाइल निघत असेल तर मेल मर्ज आणि डिझाइन वेगळे करा. कोरल ड्रॉ किंवा जे वापरता त्यातून नुसत्या बॅकग्राउंडची एका पानाची पीडीएफ काढा. वर्डच्या मेल मर्जमधून बॅकग्राउंड पूर्ण काढून टाका आणि नुसत्या नावांची पीडीएफ काढा. मग दोन्ही जोडा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये बॅकग्राउंड टाकायची सोय आहे. फुकटात करायचं तर पीडीएफटीके किंवा क्यूपीडीएफ ही कमांडवर चालणारी साधनं आहेत. पहिल्यात 'बॅकग्राउंड' आणि दुसऱ्यात 'अंडरले' या आज्ञेने एक पान सगळ्या पानांच्या खाली घालता येतं. जोडून झालं की साइजची परीक्षा पुन्हा. आकडा सव्वापाचच्या आसपास आला म्हणजे जमलं.

नावांच्या फाइलमध्ये एक खोड असते. टेबलाच्या खान्यांना किंवा टेक्स्ट बॉक्सला पांढरा रंग भरलेला असतो. स्क्रीनवर पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, पण जोडल्यावर बॉर्डरचा किंवा वॉटरमार्कचा तेवढा चौकोन गायब होतो. 'ओव्हरले अर्धवट छापतो' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. फिल 'पांढरा' नको, 'नो फिल' हवं.

चौथी तपासणी: बॅकग्राउंड जड कशाने झालंय?

इथे थोडा वेळ द्या. हमखास दिसणारं एक उदाहरण देतो. पतसंस्थेचं भाग प्रमाणपत्र. मधोमध बोधचिन्ह, फिकट दिसावं म्हणून पारदर्शक केलेलं. डिझायनरने ते सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवलंय, कारण दिसायला काही फरक पडत नाही. सभासदाचं नाव त्याच्या खाली. रिपच्या दृष्टीने मात्र हे घात करणारं आहे. पारदर्शक वस्तूखाली जे असेल ते तिच्यात मिसळून रंग काढावा लागतो. खालचं नाव दर पानाला बदलतं, म्हणून बोधचिन्हाचा तो अख्खा भाग दर पानाला नव्याने मोजावा लागतो. ओव्हरले आधी तयार करून ठेवला तरी त्या भागापुरता उपयोग नाही.

उपाय सोपा आहे. पारदर्शकता काढा आणि बोधचिन्हाला सरळ फिकट रंग द्या. पांढऱ्या कागदावर दिसायला तेच दिसेल. मग ते सगळ्यात मागे पाठवा. नाव नेहमी सगळ्यात वर, ठोस काळ्या रंगात, सावली-बिवली न देता.

बाकीच्या सावल्या, ग्रेडियंट, क्लिप केलेले फोटो एकत्र करून ३०० डीपीआयचं, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार रंगांतलं एकच चित्र करा. १२०० डीपीआयला स्कॅन केलेली सही असेल तर तीही खाली आणा. पण बॅकग्राउंडमधली बारीक मराठी अक्षरं, म्हणजे संस्थेचा पत्ता, नोंदणी क्रमांक, खालच्या अटी, या चित्रात मिसळू नका. मात्रा-वेलांट्यांच्या कडा लोकरीसारख्या दिसतात. ती 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकृत्या करून, वर वेगळी ठेवा. बॅकग्राउंड श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलं असेल तर कर्व्ह्ज करायलाच हवं, नाहीतर दुसऱ्या मशीनवर भलतीच अक्षरं उमटतात.

हाच नियम नावांना लावू नका. बदलणारा मजकूर कर्व्ह्ज केला की प्रत्येक अक्षर रिपला नवीन आकृती वाटते. फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे पीडीएफच्या आतच भरलेला असेल तर एकदा काढलेला 'पाटील'मधला 'पा' तो पुढच्या पाटलांसाठी जपून ठेवतो. आपल्याकडच्या याद्यांत हा फायदा लहान नाही.

पाचवी तपासणी: ओव्हरले मशीनमध्येच ठेवणं

इथपर्यंत आल्यावर बरेच जॉब सुटलेले असतात. उरतात ते हजारोंचे, किंवा दर महिन्याला येणारे. त्यांच्यासाठी बॅकग्राउंड कंट्रोलरमध्ये आधीच रिप करून ठेवायचं. फायरी या ब्रँडचा कंट्रोलर असेल तर 'फ्रीफॉर्म' नावाची सोय बघा. बॅकग्राउंडची फाइल 'मास्टर' म्हणून पाठवायची, तो ती रिप करून साठवतो. मग नावांची फाइल पाठवताना तो मास्टर निवडायचा. नावांच्या पानात काही केबीच असतात, त्यामुळे रिप इंजिनच्या पुढे धावतो. इतर कंट्रोलरवर नाव वेगळं असेल, कल्पना हीच.

या पद्धतीला सांभाळायच्या गोष्टी आहेत, आणि फसगत इथेच जास्त होते.

पानाचा आकार, दिशा, रेझोल्यूशन आणि कलर मोड मास्टरमध्ये आणि नावांच्या जॉबमध्ये एकच हवा. मास्टर रंगीत आणि नावांचा जॉब 'ब्लॅक अँड व्हाइट' असं पाठवलं तर एक तर मास्टर निवडताच येत नाही किंवा निकाल भलताच येतो.

मास्टर रिप झालेला आहे, म्हणजे तो गोठलेला आहे. मूळ कोरल फाइलमध्ये तुम्ही अध्यक्षांची सही बदलली तरी कंट्रोलरमध्ये जुनीच सही बसलेली असते आणि ती निमूटपणे छापली जाते. वेग वाढल्याच्या आनंदात हे कुणी बघत नाही. म्हणून मास्टरच्या नावातच वर्ष-महिना घाला, जुना मास्टर काम संपल्यावर पुसा आणि दर जॉबचं पहिलं पान संस्थेच्या माणसाला दाखवून त्यावर सही घ्या.

दोन बाजूंचा जॉब असेल तर मागच्या बाजूच्या अटींचं पानही मास्टरमध्येच घ्या. नाहीतर नावांच्या फाइलमध्ये एकाआड एक कोरं पान लागतं आणि एक जरी गळलं तर पुढची सगळी नावं अटींच्या पानावर जातात.

ऑफिसच्या प्रिंटरवर थोडं वेगळं आहे. पीसीएल ५ ही प्रिंटरची भाषा समजणाऱ्या प्रिंटरमध्ये ओव्हरले 'मॅक्रो' म्हणून साठवता येतो. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर साधा मजकूर पाठवतं आणि प्रिंटर त्याखाली बिलाचा नमुना घालतो. उत्तम चालतं, पण दोन खोड्या आहेत. मॅक्रो 'पर्मनंट' केला तरी तो मेमरीत असतो. लाइट गेली की तोही गेला, प्रिंटरला स्वतःची डिस्क किंवा फ्लॅश असेल तरच वाचतो. सकाळी पहिली बिलं कोऱ्या कागदावर येत असतील तर रात्री लाइट गेली होती का ते विचारा. उपाय म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना मॅक्रोची फाइल आपोआप प्रिंटरला जाईल अशी बॅच फाइल. दुसरी खोडी अशी की विंडोजचा ड्रायव्हर जॉबच्या सुरुवातीला प्रिंटर रिसेट करतो आणि त्या रिसेटमुळे चालू केलेला ओव्हरले बंद होतो. म्हणून ओव्हरले चालू करायची आज्ञा रिसेटच्या नंतर, जॉबच्या आत जावी लागते.

ड्रायव्हरमध्ये 'ओव्हरले' नावाचा टॅब दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. ती फाइल कॉम्प्युटरवर साठते की प्रिंटरमध्ये, हे आधी बघा. कॉम्प्युटरवर साठत असेल तर मांडणीची सोय झाली, वेगाची हमी नाही. आणि तुमचा प्रिंटर स्वस्तातला जीडीआय प्रकारचा असेल, म्हणजे सगळे ठिपके कॉम्प्युटरच करून पाठवत असेल, तर त्याच्यात ठेवण्यासारखं काहीच नाही. तिथे चौथ्या तपासणीपर्यंतच थांबा.

सहावा मार्ग: बॅकग्राउंड ऑफसेटवर

जॉब मोठा असेल आणि बॅकग्राउंड वर्षभर बदलणार नसेल, तर मी सरळ हेच सुचवतो. बॅकग्राउंड ऑफसेटवर छापून घ्या आणि लेझरवर नुसती काळी नावं चढवा. रिपचा प्रश्नच मिटतो आणि रंगीत क्लिकच्या (दर पानामागे मशीनच्या आकाराच्या) जागी काळा क्लिक पडतो. अट एकच. प्रेसला सुरुवातीलाच सांगा की हे कागद नंतर लेझरमधून जाणार आहेत. फ्युझरचं, म्हणजे टोनर भाजणाऱ्या भागाचं तापमान १८० ते २०० अंशांच्या आसपास असतं. त्यात न टिकणारी किंवा पुरती न वाळलेली शाई रोलरला चिकटते आणि पुढच्या पानावर भूत उमटतं. ऑफसेटवाले ओल्या शाईसाठी मारतात ती पावडरही जास्त झाली तर मशीनच्या आत जाऊन बसते. गठ्ठा पूर्ण वाळू द्या, आधी वीस पानं काढून बघा, मग बाकीची.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पहिल्या तपासणीत साध्या कागदावर नुसती काळी पानंही थांबत थांबत निघाली, तर हे सगळं सोडा आणि मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. फ्युझर किंवा कागद ओढणारे रोलर स्वतः उघडू नका. फ्युझर भाजतो आणि आतल्या काही भागांना उच्च दाबाची वीज असते.

कंट्रोलर जॉबच्या मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो, साठवलेले मास्टर नाहीसे होतात किंवा डिस्कची एरर येते, तर तिथेही हात लावू नका. डिस्क जायला आली असेल तर तुमच्या प्रत्येक प्रयोगाने ती आणखी जाते. मास्टरच्या मूळ पीडीएफ दुसरीकडे ठेवलेल्या आहेत ना, एवढंच पाहा.

मॅक्रोची फाइल हाताने बनवायची वेळ आली तर बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याकडे जा. ड्रायव्हरने काढलेल्या फाइलमधले रिसेट आणि पान बाहेर टाकायचे कोड काढून मगच ती मॅक्रो होते. एक कोड राहिला तर प्रिंटर कोरी पानं फेकत बसतो. चेक, डिव्हिडंड वॉरंट असलं काही असेल तर ते बँकेने मान्य केलेल्या छपाईवाल्याचंच काम, तिथे वेगासाठी प्रयोग करू नका.

आणि एवढं सगळं करूनही दर महिन्याला हजारो रंगीत पानांचा जॉब येतोच असेल, तर पीडीएफ-व्हीटी समजणारा कंट्रोलर आणि त्याचं लायसन्स याची चौकशी करा. पीडीएफ-व्हीटी हे अशाच बदलत्या मजकुराच्या छपाईसाठी २०१० मध्ये आलेलं आयएसओ मानक आहे. विक्रेत्याचा डेमो त्याच्या फाइलवर बघू नका, तुमची प्रमाणपत्राची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा.

इंजिनिअरला फोन करताना हाताशी ठेवा: एका पानाची आणि दहा पानांची पीडीएफ, दोन्हींच्या साइज, त्याच कागदावर काळ्या पानांना लागलेला वेळ आणि रंगीत जॉबला लागलेला वेळ. 'मशीन स्लो आहे' एवढंच सांगितलं तर तो येऊन आधी हेच मोजणार, आणि व्हिजिटचे पैसे तुमचेच जाणार.